पार्टीत गॉब्लिन आणि समोरही गॉब्लिनच: आमच्या टेबलावरची एक केस

आधी सेटिंग सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. पुण्यात माझ्या घरी दर रविवारी दुपारी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालतं, म्हणजे प्रत्येकाने एक-एक पात्र घेऊन, बोलून आणि डाइस (फासे) टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. डीएम, म्हणजे जग, गावकरी आणि शत्रू चालवणारा, मी. प्लेअर चार. ऑफिसमधला मित्र फायटर म्हणजे लढवय्या खेळतो, त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने जखमा बऱ्या करणारा, खेळतात, सोसायटीतला इंजिनिअरिंगचा एक पोरगा रेंजर म्हणजे रानातला तिरंदाज, आणि चौथी माझी मावसबहीण, वय १९, असलं काही आयुष्यात पहिल्यांदा खेळणारी. तिला पुस्तकं दिली, म्हटलं निवांत वाच आणि काय व्हायचंय ते सांग. दोन दिवसांनी रात्री अकराला फोन, "दादा, मला गॉब्लिन व्हायचंय."

गॉब्लिन म्हणजे ह्या खेळातला बुटका, दुष्ट समजला जाणारा राक्षस, सहसा मारायलाच ठेवलेला. मी म्हटलं हो की, कर. एवढंच. पुढचा एकही प्रश्न विचारला नाही, आणि नंतर जे काही झालं ते सगळं त्या न विचारलेल्या प्रश्नातून झालं. म्हणून ही केस पूर्ण लिहून काढतोय, कारण मी ज्या ज्या टेबलावर बसलोय तिथे कोणी ना कोणी गॉब्लिन, कोबोल्ड, ऑर्क नाहीतर सरडामाणूस मागितलेला आहे, आणि डीएम बिचारा फक्त "नियमात बसतं का" एवढंच बघतो. मीही तेच बघितलं.

अ‍ॅडव्हेंचर, म्हणजे आधीच लिहून दिलेली कथा, होतं नवख्यांसाठीच्या स्टार्टर सेटमधलं लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर. ज्यांना ते अजून खेळायचंय त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं फुटणार आहे.

नियमांचं आधी सांगून टाकतो. २०१६ साली व्होलोच्या पुस्तकात (व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स) गॉब्लिन, हॉबगॉब्लिन, बगबेअर, कोबोल्ड, ऑर्क आणि युआन-टी हे सगळे पहिल्या लेव्हलपासून खेळायला मिळाले. गॉब्लिन उंचीला लहान, अंधारात ६० फूट दिसतं, आणि मुख्य म्हणजे दर टर्नला बोनस अ‍ॅक्शनमधे, म्हणजे नेहमीच्या कृतीवरच्या जादा कृतीत, लपता येतं किंवा निसटता येतं. बहिणीने आधी रोग लिहिलं होतं, म्हणजे तो चोरट्या हालचालींचा क्लास, तर तिला मी एवढं सांगितलं की त्या क्लासला दुसऱ्या लेव्हलला जवळपास हेच मिळतं, मग गॉब्लिन असण्याचा फायदा वाया जातो. ती विझर्ड म्हणजे जादूगार झाली. नाव ठेवलं चिखल्या. क्लार्ग नावाच्या बगबेअरच्या (गॉब्लिनचाच दांडगा भाईबंद) टोळीतून पळालेला, एका म्हाताऱ्या जादूगाराची चूल पेटवता पेटवता मंत्र शिकलेला. मला ते इतकं आवडलं की मी कौतुकातच राहिलो.

तसं राक्षस खेळायची मागणी काही आजची नाही. १९७४ च्या अगदी पहिल्या छोट्या पुस्तिकांमधेच लिहिलंय की प्लेअरला काहीही होऊ द्या, ड्रॅगनसुद्धा, फक्त सुरुवात कमकुवत पाहिजे, म्हणजे ड्रॅगन असेल तर तरुण पिल्लू. त्याच्याही आधी मिनेसोटात खेळाचा एक निर्माता डेव्ह आर्नेसन ह्याच्या ब्लॅकमूर कॅम्पेनमधे, म्हणजे सलग चालणाऱ्या खेळात, एक प्लेअर व्हॅम्पायर झाला होता, सर फँग, आणि तो कोणाला आवरेना म्हणून त्याच्यासमोर उभा करायला जे कॅरेक्टर आणलं त्यातून क्लेरिक हा क्लास आला. म्हणजे आज आमच्या वहिनी जे खेळतात ते एका राक्षस-प्लेअरमुळे जन्माला आलंय, हे मला अजूनही भारी वाटतं. पुढे १९७९ च्या डीएमच्या पुस्तकात दुसरा निर्माता गॅरी गायगॅक्सने सूर एकदम बदलला, त्याचं म्हणणं थोडक्यात असं की राक्षस मागणाऱ्या बहुतेकांचा डोळा ताकदीवर असतो आणि खेळाचं जग माणसांभोवतीच असलं पाहिजे. १९९३ ला दुसऱ्या आवृत्तीत अशा प्राण्यांवर आख्खं पुस्तक आलं. तिसऱ्या आवृत्तीने तर सरळ गणित मांडलं, ओगर नावाच्या राक्षसाचे चार हिट डाइस (ज्यांवरून एचपी, म्हणजे जीव किती आहे तो आकडा, ठरतो) अधिक दोनचं अ‍ॅडजस्टमेंट म्हणजे तो सहाव्या लेव्हलचा धरायचा, आणि मग तो ओगर सहाव्या लेव्हलच्या फायटरशेजारी उभा राहिला की त्याचे एचपी बघून रडू यायचं. आता २०२४ च्या मुख्य पुस्तकात ऑर्क एल्फच्या बरोबरीने छापलाय.

ही पन्नास वर्षं बघितली तर नियमवाले एकाच प्रश्नाशी झगडताना दिसतात, ताकद किती. आमच्या टेबलावर ताकदीचा प्रश्न एक मिनिटही आला नाही. सात एचपीचा विझर्ड कोणाला जड होणार?

पहिला रविवार. खेळातल्या नेव्हरविंटर शहराहून बैलगाडी घेऊन फँडलिन गावाला निघायचं, ट्रायबोअर ट्रेलवर दोन मेलेले घोडे दिसतात, आणि झाडीतून चार गॉब्लिन हल्ला करतात. प्रत्येकी सात एचपी. बहिणीने बाण मारणारा पहिला गॉब्लिन मी वर्णन करताच मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी पुढे बोलत राहिलो. लढाईत तिने मोठ्या उत्साहाने फ्युरी ऑफ द स्मॉल, म्हणजे गॉब्लिनची जादा इजा करायची ताकद, वापरायचं म्हटलं, तर नियम वाचल्यावर कळलं की ते फक्त आपल्यापेक्षा मोठ्या आकाराच्या शत्रूवर चालतं, आणि समोरचे तिच्याच मापाचे. "अच्छा, म्हणजे हे माझेच," असं ती पुटपुटली आणि शीटवर पेन्सिलने काहीतरी खोडलं. मला तेव्हा तरी कळायला हवं होतं.

तीन मेले, चौथा हाती लागला. पार्टीत गॉब्लिन भाषा बोलणारा एकच, साहजिक. चिखल्याने त्याला विचारलं, त्याने सगळं सांगितलं, गुहा कुठे, किती जण, कैदी कोण. बहीण मस्त खेळत होती, दोन आवाज काढत होती, आणि मधेच तिने त्याला त्याच्या भाषेत शब्द दिला की बोललास तर सोडू. माहिती मिळाली. मग फायटर म्हणाला, "झालं? ओके, मी त्याला संपवतो," आणि डी-ट्वेंटी म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकायला घेतला. मी म्हटलं, बांधलेला आहे, रोल नको. झाला तो मेला.

बहीण नंतरचे दीड तास फक्त "पास" आणि "मी मागे आहे" एवढंच बोलली. मला वाटलं दमली असेल, उशीर झालाय, परीक्षा जवळ आलीये. रात्री व्हॉट्सअ‍ॅप आला, "दादा पुढच्या रविवारपासून मी नाही येत, तुम्ही चौघं खेळा, छान खेळता तुम्ही."

ह्यात खलनायक कोणी नाही, हे मला ठासून सांगायचंय. दुसऱ्या दिवशी कँटीनमधे फायटरवाल्या मित्राशी बोललो तर तो खरंच हादरला. म्हणाला, "अरे पहिल्या लढाईतले गॉब्लिन होते ते, कुठल्याही गेममधे पहिल्या लढाईत गॉब्लिनच असतात, मारायचे आणि पुढे जायचं, मला वाटलंच नाही की तो कोणी आहे." बरोबर आहे त्याचं. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधे गॉब्लिनच्या नावाखाली न्यूट्रल इव्हिल, म्हणजे स्वभावाने दुष्ट, असं छापलेलं आहे, अ‍ॅडव्हेंचर त्यांना ५० एक्सपीची, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवाच्या गुणांची, किंमत लावतं, आणि मी, डीएमने, त्या रविवारी एका शब्दानेही वेगळं काही सुचवलं नाही. एका हाताने बहिणीला सांगितलं की गॉब्लिन म्हणजे तुझ्यासारखा विचार करणारा कोणीतरी, आणि दुसऱ्या हाताने बाकीच्या तिघांना सांगितलं की गॉब्लिन म्हणजे सात एचपी. दोन्ही एकाच टेबलावर, एकाच दुपारी. फोनवर विचारायचा राहिलेला प्रश्न हाच होता: ह्या जगात गॉब्लिन म्हणजे कोण, आणि हे उरलेल्या तिघांना माहिती आहे का?

बहिणीला म्हटलं, एकच रविवार ये, खेळायला नको, बोलायला ये. मावशीनेही ढकललं असावं. पुढच्या रविवारी डाइसची पिशवी मी मुद्दाम कपाटात ठेवली, पोहे केले, आणि पाचही जण सुमारे दीड तास नुसते बोललो. ह्याला लोक सेशन झीरो म्हणतात आणि तो खेळ सुरू व्हायच्या आधी करायचा असतो, टाशाच्या २०२० च्या पुस्तकात (टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग) त्यावर वेगळा भाग आहे. ते पुस्तक माझ्या कपाटात होतं, वाचलेलंही होतं.

सगळ्यात आधी मी फायटरवाल्याच्या आणि माझ्या वतीने विचारलं, तो कैदी मेला ते परत फिरवायचं का, रिवाइंड करू, काही बिघडत नाही. मला वाटलं ती हो म्हणेल. ती म्हणाली, "नको, मेला तो मेला. पण मला त्याला तसंच रस्त्यात टाकून जायचं नाहीये."

मग मित्राने विचारलं, आणि हे त्याने आपणहून विचारलं, की तुमच्यात मेलेल्याचं काय करतात. तिच्याकडे उत्तर तयार नव्हतं, पुस्तकातही नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मूठ मातीने भरतात, ओल्या, म्हणजे रिकाम्या हाताने गेला असं होत नाही. पोहे बाजूला सारून तिथल्या तिथे तो प्रसंग खेळलो, डाइस नाही, काही नाही. फायटर म्हणाला मी ढालीने खड्डा खणतो. रेंजरवाला पोरगा, जो एरवी फक्त किती डॅमेज एवढंच विचारतो, त्याने ओढ्यातून हेल्मेटमधे पाणी आणलं माती भिजवायला. चिखल्याने मूठ भरली. वहिनींनी विचारलं, त्याचं नाव काय होतं. आणि नाव मी दिलेलंच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, मी म्हटलं, टिपक्या. त्या दिवसापासून माझ्या वहीत प्रत्येक गॉब्लिनला नाव आहे, चार असोत की अकरा.

बाकी ठरलं ते थोडक्यात. चिखल्याला पार्टीत का घेतलं ह्याचं एक-एक कारण प्रत्येकाने स्वतः लिहायचं, मी नाही. फायटरने लिहिलं की थंडीत ह्याने माझी शेकोटी विझू दिली नाही, वहिनींनी लिहिलं की ह्याला वाचता येतं आणि मला ह्याचं अक्षर आवडतं. दुसरं, कैदी हा सगळ्यांचा, मारायच्या आधी टेबलाला विचारायचं. तिसरं, क्लार्गची क्रॅगमॉ ही एक टोळी आहे, गॉब्लिनची जात नव्हे, टोळी वाईट असू शकते आणि टोळीतून माणूस, म्हणजे गॉब्लिन, बाहेर पडू शकतो. आणि न मारता अडथळा पार झाला तरी एक्सपी पूर्ण, नियमही डीएमला तशी मुभा देतोच. हे शेवटचं क्षुल्लक वाटेल पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक ह्याने पडतो, कारण मारल्याशिवाय लेव्हल मिळत नसेल तर सगळ्या चांगल्या गप्पा दुसऱ्या लेव्हलच्या ३०० एक्सपीपाशी येऊन संपतात.

गुहेत मग जे झालं ते माझ्या डीएमगिरीतलं सगळ्यात चांगलं सेशन. तिथे यीमिक नावाचा गॉब्लिन आहे, क्लार्गचा हाताखालचा, त्याच्या ताब्यात सिल्डार नावाचा जखमी कैदी असतो आणि तो सौदा करतो की क्लार्गचं मुंडकं आणा, कैदी घेऊन जा. नेहमी प्लेअर इथे दहा मिनिटं आपापसात कुजबुजतात. बहीण शांतपणे म्हणाली, "मी ह्याच्याबरोबर वाढलोय, हा देणार नाही, हा नंतर पैसे मागणार." अ‍ॅडव्हेंचरमधे अगदी हेच लिहिलंय, आणि तिने ते वाचलेलं नव्हतं! तिने यीमिकशी बोलण्याऐवजी त्याच्या मागे उभ्या असलेल्या पाच जणांशी बोलायला सुरुवात केली, नावं विचारली, वहीत होती म्हणून मला देता आली, आणि सांगितलं की क्लार्ग गेला की हा तुमचा नवा क्लार्ग. तीन जण बाजूला झाले. एवढ्यावर सगळी लढाई फिरली. नाही म्हणायला यीमिकने सिल्डारला कठड्यावरून ढकलला, दहा फूट खाली, वहिनींना धावावं लागलं. पण त्या गुहेतून तीन गॉब्लिन चालत बाहेर गेले, आणि जाताना फायटरने त्यांना स्वतःचं दोन दिवसांचं रेशन दिलं, कोणी सांगितलेलं नसताना.

आता मला वाटलं झालं, सुटला प्रश्न. नाही सुटला. फँडलिन गावात मी दुसरी चूक केली आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती.

मला वाटत होतं की गाव गॉब्लिनला सहज आत घेणार नाही, नाहीतर ते खोटं वाटेल. म्हणून दुकानदार दचकला, मग पोरं पळाली, मग कोणीतरी दगड मारला, मग खानावळवाल्या टॉब्लेन स्टोनहिलने दारातच अडवलं. पाऊण तास. बाकीचे तिघं मोबाइल बघायला लागले कारण प्रत्येक दारात तोच प्रसंग आणि त्यांना करण्यासारखं काही नाही. शेवटी टॉब्लेन त्यांना आत घेतो, आणि मी, वातावरण म्हणून, तपशील म्हणून, सांगितलं की तिघांना त्याने फळीवरचे मग दिले आणि चिखल्यासाठी खालून एक वेगळा, कान तुटलेला कप काढला.

टेबल गार पडलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तो कप तिथे वेगळाच ठेवलेला असतो का? कायमचा?" आणि बहीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, हा तर आजीकडचा कप आहे."

होता. आमच्या आजोळी मागच्या पडवीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप पालथा ठेवलेला असायचा, कोणासाठी ते आम्हा पोरांना कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तो मी शोधून आणला नव्हता, तो माझ्या तोंडून आपोआप आला. कल्पनेतलं गाव रंगवायला बसलो आणि हाताला तेच लागलं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "हे नको. भीती दाखवा, राग दाखवा, पण हे मला इथे नकोय," आणि मी तिथे सेशन थांबवलं, कारण त्यानंतर हसून पुढे जाण्यासारखं काही नव्हतं. काही टेबलं असल्या वेळेसाठी एक्स लिहिलेलं कार्ड मधे ठेवतात, ज्याला नको वाटेल त्याने हात लावायचा, कारण सांगायची सक्ती नाही. २०१३ पासून ती पद्धत आहे. आमच्या टेबलावर ते कार्ड त्या दिवसापर्यंत नव्हतं, वहिनी धीट म्हणून बोलल्या. पुढच्या रविवारपासून आहे, बहिणीने निळ्या स्केचपेनने केलेलं.

त्या आठवड्यात मी ह्यावर खूप विचार केला आणि शेवटी जे बदललं ते एकच. गावाला चिखल्याबद्दल जे वाटतं त्याला कारण पाहिजे, आणि त्या कारणाला उत्तर देता आलं पाहिजे. "तू गॉब्लिन आहेस" ह्याला कोणी काय उत्तर देणार? "तुझ्या टोळीने माझा माल लुटला" ह्याला देता येतं. आणि अ‍ॅडव्हेंचरमधे ते आयतं आहे की! क्लार्गच्या गुहेत निळ्या सिंहाचा शिक्का असलेल्या पेट्या सापडतात, त्या फँडलिनमधल्या लायनशील्डच्या दुकानाच्या, ते चालवते लिनीन ग्रेविंड. तर गावभरची दारं मी काढून टाकली, कप काढून टाकला, टॉब्लेनने सगळ्यांना एकसारखे मग दिले असं पुन्हा सांगितलं, आणि आख्ख्या गावाचा राग एकट्या लिनीनकडे दिला. तिचा माल गेलाय, तिचे गाडीवान मेलेत, तिला गॉब्लिन दिसला की हात तलवारीकडे जातो. चिखल्या पेट्या घेऊन तिच्यासमोर उभा राहिला, यादी वाचून दाखवली, कुठल्या पेटीतलं काय कमी आहे आणि ते कोणी खाल्लं तेही सांगितलं. तिने ठरलेलं ५० सोन्याच्या नाण्यांचं बक्षीस मोजून दिलं. हसली नाही, मैत्री वगैरे काही नाही, नुसती म्हणाली, गाडीवानांची नावं तुला माहीत आहेत का. चिखल्या म्हणाला नाही. तिने सांगितली. त्याने लिहून घेतली. वीस मिनिटं, आणि त्या वीस मिनिटांत बाकीच्या तिघांपैकी एकानेही मोबाइल हातात घेतला नाही.

सगळं छान झालं असं नाही. रेंजरवाल्या पोराला अजून वाटतं की लढाया कमी झाल्यात आणि त्याचं चूक नाही, त्याचा धनुष्यबाण आता बराच वेळ खांद्यावरच असतो. त्याच्यासाठी मी झाँबी आणि राखभुतं वाढवलीत, ज्यांच्याबद्दल कोणालाच प्रश्न पडत नाहीत. दर वेळी प्रत्येक शत्रूला घर, नाव, कारण द्यायचं तर डीएमची तयारी दुप्पट होते, हेही खरं आहे, माझा शनिवार त्यातच जातो. आणि ज्या टेबलाला फक्त मारामारी हवी आहे तिथे गॉब्लिन प्लेअरला सरळ नाही म्हणावं, ते माझ्या त्या पहिल्या "हो की"पेक्षा कितीतरी प्रामाणिक.

मागच्या रविवारी पार्टी गावप्रमुखाच्या कचेरीसमोर होती. तिथे बाहेर एक सूचना लावलेली असते, वायव्हर्न टॉर टेकडीजवळ ऑर्क, बंदोबस्त करणाऱ्याला इनाम. मी ती वाचून दाखवली, रेंजरवाल्याने लगेच बाणांचा हिशोब काढला, आणि फायटरवाला मित्र डाइस हातात घेऊन म्हणाला, "थांब रे जरा. ऑर्क म्हणजे कुठली टोळी? आणि ते तिथे करतायत काय?"

अ‍ॅडव्हेंचरमधे त्यांच्या म्होरक्याचं नाव आहे, संख्या आहे, एचपी आहेत. ते तिथे का आलेत हे मी ठरवलं नव्हतं. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगतो. बहिणीने चिखल्याच्या वहीत गाडीवानांच्या नावांखाली एक ओळ रिकामी सोडली आणि वही मिटली.